एमडेन आणि वर्तमानपत्रांतला हिंदी महासागर (थ्रेड)

२२ सप्टेंबर १९१४. रात्रीचे साडेनऊ होत आले होते. मद्रासचे बंदर नेहमीसारखे दिव्यांनी उजळलेले होते. एक जर्मन जहाज बंगालच्या उपसागरात धुमाकूळ घालून गेल्याच्या बातम्या आठवडाभरापूर्वीच छापून आल्या होत्या. पण आता ते कुठेतरी दूर निघून गेले असावे, असा बहुतेकांचा तर्क होता. एवढ्यात काळोखातून प्रकाशाचा एक झोत आला, बर्मा ऑइल कंपनीच्या तेलाच्या टाक्यांवर स्थिरावला आणि पाठोपाठ तोफा धडाडल्या.

अवघ्या काही मिनिटांत सव्वाशेच्या आसपास गोळे शहरावर येऊन पडले. दोन टाक्या पेटल्या, बंदरातील एका जहाजाला गोळे लागले, काही माणसे प्राणास मुकली. किनाऱ्यावरील तोफा भानावर येईपर्यंत हल्लेखोर निघूनही गेला होता. जाताना त्याने एका बाजूचे दिवे मुद्दाम पेटते ठेवले, म्हणजे पाहणाऱ्यांना जहाज उत्तरेकडे गेल्याचे वाटावे. मग दिवे मालवून ते दक्षिणेकडे वळले.

या जहाजाचे नाव एमडेन. त्याच्या पराक्रमाची गोष्ट इतिहासाची आवड असणाऱ्या अनेकांना ठाऊक असते. त्या गोष्टीत वर्तमानपत्रांनी काय काम केले, हे मात्र क्वचितच सांगितले जाते. वर्तमानपत्रांनी एमडेनला वाट दाखवली, त्यांनीच तिला जगाच्या डोळ्यांपुढे वीरनायिका म्हणून उभे केले, आणि ज्या तारांवरून ही वर्तमानपत्रे जगत होती त्या तारांपाशीच तिचा अंत झाला.

आधी त्या काळच्या वर्तमानपत्रांतला समुद्र कसा होता ते पाहू.

कलकत्ता, मुंबई, मद्रास, कोलंबो येथील इंग्रजी दैनिकांत जहाजांच्या ये-जेचा रकाना ठरलेला असे. कोणती आगबोट कोणत्या बंदरातून कधी सुटली, कुठे पोचली, कोणती कधी निघणार, हे त्यात बारीक टाइपात छापलेले असे. कापूस, ताग, चहा, तांदूळ यांच्या व्यापाऱ्यांचे आणि विमेवाल्यांचे लक्ष आधी या रकान्याकडे जाई. विलायतेची डाक घेऊन येणाऱ्या आगबोटीवर मुंबईच्या पेढ्यांचा आठवडा बेतलेला असे. या रकान्यातला हिंदी महासागर म्हणजे एक वेळापत्रक होते. त्यात वादळ आले तर ते उशिराचे कारण म्हणून येई.

त्याच अंकांत कधीकधी दुसराही एक समुद्र असे. तो गोष्टींचा समुद्र. चाचे, प्रवाळाची बेटे, नारळीची बने, फुटलेली गलबते, एकाकी वाचलेला एखादा खलाशी. ही हकिगत म्हणून छापलेली पुष्कळशी गंमत असे आणि वाचकही ती तशीच घेत. व्यापाराच्या पानावरचा समुद्र आणि करमणुकीच्या पानावरचा समुद्र यांची गाठ सहसा पडत नसे. १९१४ च्या सप्टेंबरात ती पडली, आणि ती घालून देणारे जहाज डान्झिगच्या गोदीत बांधलेले होते.

एमडेन १९०८ साली पाण्यात उतरली. सुमारे ३,६०० टनांची हलकी क्रूझर, तीन धुराडी, साडेदहा सेंटिमीटरच्या दहा तोफा. मोठ्या युद्धनौकांपुढे ती किरकोळच. चीनच्या किनाऱ्यावरील त्सिंगताव हे जर्मनांचे ठाणे, तेथील आरमारी ताफ्यात तिची नेमणूक होती. पांढऱ्या रंगामुळे आणि डौलदार बांध्यामुळे तिला ‘पूर्वेची हंसिनी’ म्हणत. १९१३ पासून तिचा कप्तान होता कार्ल फॉन म्युलर: मितभाषी, काटेकोर, एकटा राहणारा.

युद्ध सुरू झाल्यावर जर्मन ताफ्याचा सेनापती फॉन श्पे याने आपली जहाजे पॅसिफिकमधील पेगन बेटापाशी एकत्र केली. ताफा दक्षिण अमेरिकेच्या दिशेने निघणार होता. एक जहाज हिंदी महासागरात सोडावे, असे म्युलरने सुचवले आणि ते काम त्याच्याच गळ्यात पडले. सोबतीला मार्कोमानिया नावाचे कोळशाचे जहाज तेवढे मिळाले. पुढे मित्राचे एकही बंदर नव्हते, दुरुस्तीची गोदी नव्हती, दारूगोळा पुन्हा मिळण्याची आशा नव्हती.

ताडपत्री आणि लाकूड यांचे एक चौथे खोटे धुराडे उभारण्यात आले. ब्रिटिशांची यार्मथ ही क्रूझर चार धुराड्यांची होती. दुरून पाहणाऱ्याला एमडेन तिच्यासारखी वाटावी, एवढाच हेतू. आरमारांच्या इतिहासात इतक्या स्वस्त साहित्याने इतके मोठे काम क्वचितच झाले असेल.

१० सप्टेंबरला बंगालच्या उपसागरात एमडेनच्या हाती पाँटोपोरोस हे ग्रीक जहाज लागले. त्याच्या पोटात हजारो टन कोळसा होता, तोही इंग्रजांसाठी निघालेला. त्याच दिवशी इंडस सापडले. हे कलकत्त्याहून मुंबईला चालले होते. युरोपच्या रणांगणावर पाठवायचे हिंदी सैन्य आणि घोडे मुंबईत चढवायचे म्हणून त्यावर घोड्यांचे ठाण बांधून तयार होते. मुंबई त्या जहाजाची वाट पाहत राहिली.

पुढच्या चार दिवसांत लोवॅट, कबिंगा, किलिन, डिप्लोमॅट, ट्रॅबॉक, क्लॅन मॅथेसन. डिप्लोमॅटबरोबर चहाचा प्रचंड साठा समुद्रतळाशी गेला. क्लॅन मॅथेसनवर मोटारी, रेल्वेची इंजिने, टंकलेखन यंत्रे आणि शर्यतीचे घोडे होते. घोड्यांना जहाजाबरोबर बुडू देण्याऐवजी आधी गोळ्या घालण्यात आल्या.

प्रत्येक वेळी पद्धत एकच. थांबण्याची खूण, मग एक होडी. त्या होडीत बहुधा युलिउस लाउटरबाख हा धिप्पाड अधिकारी असे. तो मूळचा व्यापारी जहाजांवरचा कप्तान, पूर्वेकडील बंदरे आणि तेथील इंग्रज कप्तान यांची त्याला चांगली ओळख. माणसे उतरवून घ्यायची, त्यांना सामान बांधायला वेळ द्यायचा, हवे ते अन्नधान्य आणि कोळसा काढून घ्यायचा आणि जहाज बुडवायचे. कबिंगावर कप्तानाची पत्नी आणि मूल होते. शिवाय माल अमेरिकनांचा, म्हणजे तटस्थांचा. म्युलरने ते जहाज सोडून दिले आणि इतर जहाजांवरून उतरवलेली माणसे त्यावर चढवून कलकत्त्याकडे रवाना केली. निघताना त्या कैद्यांनी एमडेनला उद्देशून जयघोष केला.

इंडसवरून एमडेनच्या लोकांनी भरपूर साबण उचलला होता. त्यांच्याकडचा संपत आला होता. आणि उचलली वर्तमानपत्रे.

ही वर्तमानपत्रे साबणापेक्षा मोलाची ठरली. जहाजांच्या ये-जेचा तो बारीक टाइपातला रकाना म्युलरपुढे उघडा पडला. शत्रूच्या बंदरांतून कोण कधी निघाले आहे, कोण निघणार आहे, हे त्याला शत्रूच्याच दैनिकांतून वाचायला मिळत होते. युद्ध पेटून महिना उलटला तरी व्यापाराचे वेळापत्रक जगजाहीर छापण्याची सवय मोडली नव्हती. अशा सवयी युद्धखात्याच्या एका आदेशाने सुटत नाहीत. त्यांना एखादा एमडेनच लागतो.

कबिंगाच्या आधीच लोरेडानो या इटालियन जहाजाच्या कप्तानाने इशारा दिला होता. इटली अजून तटस्थ होती, म्हणून म्युलरने त्याला अडवून सोडले होते. बातमी फुटताच उपसागरातील बंदरांची दारे बंद झाली. आगबोटी गोद्यांत थिजल्या, मालाचे ढीग साचले, विम्याचे दर चढले. मग कबिंगावरची माणसे किनाऱ्याला लागली आणि बातमीदारांना हवे होते ते सारे मिळाले.

सुटून आलेल्या कप्तानांनी आणि प्रवाशांनी म्युलरच्या सभ्यतेची जी वर्णने केली, ती इंग्रजी दैनिकांनी मोठ्या आवडीने छापली. त्या महिन्यांत जर्मनांविषयी छापून येणारा बाकीचा मजकूर बेल्जियममधील अत्याचारांचा होता. त्याच्या शेजारी ‘सभ्य दर्यावर्दी’ म्युलर उभा राहिला. वाचकांना युद्धाच्या पानावर करमणुकीच्या पानावरचा समुद्र सापडला: उष्ण कटिबंधातले निळे पाणी, वेषांतर केलेले जहाज, हुलकावण्या आणि माणुसकी दाखवणारा शत्रू.

एमडेनवरील दुसऱ्या क्रमांकाचा अधिकारी हेल्मुट फॉन म्युके याने पुढे लिहिलेल्या पुस्तकात एक मजेदार प्रसंग आहे. काही दिवसांनी हाती आलेल्या कलकत्त्याच्या एका दैनिकात साबणाची जाहिरात होती. इंडसवर अमुक कंपनीचा साबण आहे, हे एमडेनला आधीच ठाऊक असले पाहिजे, म्हणूनच तिने त्या जहाजाचा पाठलाग केला, आणि आता जर्मन खलाशी व त्यांचे कपडे कसे स्वच्छ झाले असतील, अशा आशयाचा तो मजकूर. महायुद्धाच्या दुसऱ्याच महिन्यात शत्रूच्या लुटीवर साबण खपवण्याची ही युक्ती ज्या कुणाला सुचली, त्याचे नाव मात्र इतिहासात राहिलेले नाही.

मद्रासवरचा हल्ला याच मालिकेतला, पण त्याचा हेतू वेगळा होता. तेलाच्या टाक्या जाळून इंग्रजांचे जे नुकसान झाले ते साम्राज्याच्या हिशेबात फार नव्हते. हिंदी जनतेच्या नजरेत इंग्रजांचा दरारा कमी व्हावा, हा आपला उद्देश असल्याचे म्युलरने नंतर नोंदवले. म्हणजे त्या रात्री गोळे टाक्यांवर टाकले गेले तरी नेम बातमीवर धरलेला होता.

नेम बरोबर लागला. हजारो माणसे मद्रास सोडून आतल्या गावांकडे निघाली. रेल्वेस्थानकांवर रीघ लागली. व्यापाऱ्यांनी दुकाने बंद केली. मद्रास उच्च न्यायालयाच्या आवाराच्या भिंतीवर, जेथे एक गोळा येऊन पडला तेथे, आजही एक फलक आहे.

हिंदी वाचकाने या बातम्या कोणत्या भावनेने वाचल्या, हे त्या काळच्या छापील मजकुरावरून नेमके सांगता येणे कठीण आहे. १९१० चा प्रेस ॲक्ट लागू होता. संपादकाकडून जामीन रक्कम मागायची आणि मजकूर खटकला की ती जप्त करायची, हे सरकारला सहज शक्य होते. लोकमान्य टिळक १९१४ च्या जूनमध्ये मंडालेहून सहा वर्षांचा कारावास भोगून सुटले होते, आणि युद्ध सुरू झाल्यावर त्यांनी सरकारला सहकार्य करण्याची भूमिका जाहीर केली होती. शत्रूच्या जहाजाचे उघड कौतुक करण्याची चैन लंडनच्या संपादकाला परवडत होती, तशी ती पुणे-मद्रासच्या संपादकाला परवडणारी नव्हती.

म्हणून लोकांचा निवाडा छापखान्याबाहेर शोधावा लागतो. तमिळमध्ये ‘एमडन’ हा शब्द आजही आहे: चलाख, बिलंदर, कुणाला हार न जाणारा माणूस, असा त्याचा अर्थ. मलयाळममध्ये तोच शब्द ‘प्रचंड’, ‘अजस्र’ अशा अर्थाने रुळला. ज्या जहाजाने मद्रास जाळले त्याचे नाव मद्रासच्याच भाषेत निम्म्या कौतुकाने उरावे, यात दरबारी अहवालांपेक्षा अधिक माहिती आहे.

(तिरुवनंतपुरमचे क्रांतिकारक चंपकरमण पिल्लै हे त्या रात्री एमडेनवर होते, अशी एक कथा अनेक वर्षे सांगितली जाते. तिला विश्वसनीय पुरावा नाही. कथा का निर्माण झाली हे मात्र समजण्यासारखे आहे. एवढ्या मोठ्या घटनेत आपला एखादा माणूस असावा, ही इच्छा अगदी मानवी आहे.)

मद्रासनंतर एमडेन लंकेला वळसा घालून पश्चिमेला गेली आणि मिनिकॉय बेटाच्या परिसरात, म्हणजे कोलंबो आणि एडन यांच्यामधल्या हमरस्त्यावर, पुन्हा शिकार करू लागली. सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आणखी काही जहाजे बुडाली. ब्युरेस्क नावाचे जहाज उत्तम वेल्श कोळशाने भरलेले सापडले. ते बुडवण्याऐवजी सोबत घेतले.

वर्तमानपत्रांच्या वर्णनात न दिसणारी गोष्ट हीच: कोळसा. एमडेनचे सारे साहस कोळशाच्या हिशेबावर चालत होते. दर काही दिवसांनी एखाद्या निर्जन बेटाच्या आडोशाला किंवा भर समुद्रात दोन जहाजे एकमेकांना बांधायची आणि शेकडो टन कोळसा पोत्यांनी वाहायचा. विषुववृत्ताजवळचे ऊन, डेकवरचे तापलेले पोलाद, नाकातोंडात जाणारी काळी धूळ, लाटांबरोबर एकमेकांवर आपटणारी जहाजे. भट्टीपाशी काम करणाऱ्यांची अवस्था तर याहून बिकट. निळ्या समुद्राच्या गोष्टीतली माणसे बहुतेक वेळ काळी ठिक्कर असत.

ऑक्टोबरच्या ९ तारखेला एमडेन दिएगो गार्सिया या प्रवाळबेटावर पोचली. तेथे खोबरेल तेलाचा उद्योग होता आणि मॉरिशसहून काही महिन्यांतून एखादे जहाज येई. बेटावर तार नव्हती, बिनतारी यंत्र नव्हते, ताजे वर्तमानपत्र नव्हते. युद्ध सुरू झाल्याचे बेटावर कुणालाच माहीत नव्हते! जहाजाची दशा पाहून लोकांनी विचारपूस केली तेव्हा जर्मन अधिकाऱ्यांनी युद्धसरावाची आणि वादळाची काहीतरी कहाणी सांगितली. बेटावरील व्यवस्थापकाची बिघडलेली यंत्रबोट त्यांनी दुरुस्त करून दिली. मोबदल्यात मासळी, फळे आणि जिवंत डुक्कर मिळाले. बातमी न पोचलेल्या त्या जागी शत्रू हा निव्वळ पाहुणा होता.

तिथून परत मिनिकॉय. क्लॅन ग्रँट, बेनमोर, ट्रॉयलस, चिल्काना बुडाली. पोनरॅबेल हे टास्मानियाकडे रखडत निघालेले गाळ काढण्याचे जहाजही बुडाले. कैद्यांना सेंट एगबर्ट या जहाजावर चढवून सोडले, ते कोचीनला पोचले. पुन्हा मुलाखती, पुन्हा मथळे. न्यूझीलंडच्या सैन्याचे प्रस्थान पुरेसे संरक्षण मिळेपर्यंत लांबले होते. ऑस्ट्रेलियाच्या सैन्याबरोबर ते जाणार होते. एमडेन आणि श्पेचा ताफा नेमके कुठे आहेत, हे कुणालाच सांगता येत नव्हते.

इथपर्यंतची गोष्ट रंगवणे सोपे होते. व्यापारी जहाजे पकडताना म्युलरने माणसे मारली नव्हती. २८ ऑक्टोबरच्या पहाटे हे चित्र बदलले.

मलायाच्या किनाऱ्यावरील पेनांग बंदरात रशियाची झेमचुग ही क्रूझर नांगरलेली होती. तिचा कप्तान किनाऱ्यावर मुक्कामाला होता. चौथे धुराडे चढवून एमडेन बंदरात शिरली, अगदी जवळ आल्यावर जर्मन झेंडा फडकवला आणि पाणतीर सोडला. झेमचुग फुटून बुडाली. ऐंशीहून अधिक रशियन खलाशी मेले, बरेचसे झोपेतच. बाहेर पडताना म्युस्के ही फ्रेंच विनाशिका आडवी आली, तीही बुडाली. तिच्यावरच्या ३६ जणांना एमडेनने पाण्यातून काढले. त्यांतले जे जखमांनी दगावले त्यांना लष्करी इतमामाने समुद्रात निरोप दिला आणि उरलेल्यांना एका जाणाऱ्या जहाजावर सोपवले. दैनिकांनी या वाचवलेल्यांबद्दल लिहिले, आणि ते खरेच होते. बंदरात तरंगणारी प्रेते सभ्य दर्यावर्दीच्या चित्रात कुठे बसवायची, हा प्रश्न मात्र तसाच राहिला.

त्यानंतर म्युलरने ठरवलेले लक्ष्य म्हणजे कोकोस बेटसमूहातील डायरेक्शन आयलंड. नारळीची झाडे, शुभ्र वाळू, मोजकी माणसे. पण या चिमुकल्या बेटावर ऑस्ट्रेलिया, आफ्रिका आणि आशिया यांना जोडणाऱ्या समुद्रतळाच्या तारा एकत्र येत. साम्राज्याचे सरकारी निरोप, व्यापाऱ्यांचे भाव आणि वृत्तसंस्थांच्या बातम्या या तारांवरून धावत. ही गाठ तोडली तर शत्रूचा कान आणि तोंड दोन्ही बंद होणार होते.

९ नोव्हेंबरच्या सकाळी एमडेन बेटासमोर आली. म्युकेच्या हाताखाली तीन अधिकारी धरून ५० माणसे किनाऱ्यावर उतरली. पण तारघरातल्या लोकांना चौथे धुराडे खोटे असल्याचे ओळखू आले होते. अनोळखी जहाज आल्याचा बिनतारी संदेश त्यांनी आधीच सोडून दिला होता.

जर्मन किनाऱ्यावर उतरले तेव्हा तारघराचा प्रमुख फॅरंट याने म्युकेचे अभिनंदन केले. एमडेनच्या लोकांना आयर्न क्रॉस जाहीर झाल्याची बातमी तारेवरून आली होती! आपल्या गौरवाची बातमी म्युकेला शत्रूच्या तारघरात, ते उद्ध्वस्त करण्याच्या तयारीत असताना मिळाली. बिनतारीची उंच डोलकाठी पाडताना ती टेनिसच्या मैदानावर पडू नये, अशी तेथील लोकांनी विनंती केली. तीही मान्य झाली.

इकडे तो बिनतारी संदेश पोचला होता. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडच्या सैन्याचा मोठा तांडा त्याच सुमारास सुमारे ५० मैलांवरून चालला होता. त्यातून सिडनी ही क्रूझर धावली. तिच्या सहा इंची तोफा एमडेनच्या तोफांहून वजनदार आणि लांब पल्ल्याच्या होत्या. एमडेनच्या पहिल्या गोळ्यांचा नेम अचूक होता, पण सिडनीचा कप्तान ग्लॉसप अंतर राखून मारा करत राहिला. दोन तासांच्या आत एमडेनची धुराडी कोसळली, सुकाणू निकामी झाले आणि म्युलरने जहाज नॉर्थ कीलिंग बेटाच्या प्रवाळावर चढवले. तिच्यावरची सव्वाशेहून अधिक माणसे मेली. सिडनीवर चार.

त्यानंतरचे चोवीस तास साहसकथांत फारसे येत नाहीत. झेंडा अजून फडकत असल्याने सिडनीने दुपारी त्या खडकावर चढलेल्या जहाजावर पुन्हा गोळे टाकले. मग झेंडा उतरला. जखमींना उचलायला सिडनी दुसऱ्या दिवशी परतली. मधल्या वेळात काही जण पोहत बेटावर पोचले होते. समोर नारळीची बने, आजूबाजूला अथांग पाणी आणि पिण्याला थेंब नाही. उष्ण कटिबंधातील निर्जन बेटाचे जे चित्र साप्ताहिकांच्या पानांवर दिसे, तेच हे बेट.

लंडनच्या दैनिकांनी विजयाबरोबर चक्क हळहळही व्यक्त केली. एमडेन गेली त्यामुळे समुद्रावरच्या युद्धातली रंगत आणि गंमत उणावली, अशा आशयाचे अग्रलेख आले. आरमार खात्याने म्युलर आणि त्याच्या अधिकाऱ्यांच्या तलवारी त्यांच्यापाशीच राहू देण्याचे आदेश दिले. शत्रू बुडाल्यावर त्याचे कौतुक करणे सोपे असते. तरीही पुढच्या चार वर्षांत असे अग्रलेख फार आढळत नाहीत.

आणि बेटावर उतरलेले ते ५० जण? आपले जहाज लढाईत ओढले गेलेले पाहून म्युकेने बंदरात उभे असलेले आयेशा हे जुने, गळके, ९७ टनांचे शिडाचे जहाज ताब्यात घेतले. तारघराच्या लोकांनी, म्हणजे शत्रूनेच, कपडे आणि खाण्याचे सामान दिले आणि निघताना जयघोषही केला. आयेशातून सुमात्रावरील पदांग, तेथून पुढे एका जर्मन व्यापारी जहाजातून येमेनचा किनारा, मग वाळवंट, चकमकी, उंटांचे तांडे आणि शेवटी हेजाझ रेल्वे. १९१५ च्या मे महिन्यात हे लोक कॉन्स्टँटिनोपलला पोचले.

अल-उला या स्थानकावर त्यांची भेट बर्लिनच्या एका दैनिकाचा प्रतिनिधी एमिल लुडविग याच्याशी झाली; पुढे नेपोलियनचे आणि बिस्मार्कचे चरित्र लिहिणारा तो हाच. आधी स्नान की ऱ्हाइनची वाइन, असे त्याने विचारले. म्युकेने वाइन मागितली. लुडविगने हकिगत लिहून घेतली आणि ती जगभर पोचली. म्युकेची ‘एमडेन’ आणि ‘आयेशा’ ही दोन्ही पुस्तके त्याच वर्षी निघाली आणि अफाट खपली. आज एमडेनची गोष्ट ज्या आनंदी, खेळकर सुरात सांगितली जाते, तो सूर बराचसा म्युकेचा आणि दैनिकांचा आहे.

लाउटरबाखच्या वाट्याला दुसरीच कथा आली. तो एमडेनने पकडलेल्या एका जहाजावर असताना इंग्रजांच्या हाती लागला आणि सिंगापूरला कैदेत पडला. त्या कैद्यांवर पहारा होता पाचव्या लाइट इन्फंट्री या हिंदी पलटणीचा. १५ फेब्रुवारी १९१५ ला या पलटणीने बंड केले, कैद्यांच्या छावणीचे दरवाजे उघडले आणि त्या गोंधळात लाउटरबाख निसटला. महिनोन्‌महिने प्रवास करून तो जर्मनीला पोचलाही. बंडवाल्या शिपायांपैकी चाळिसाहून अधिक जणांना जाहीरपणे गोळ्या घालण्यात आल्या. एका बाजूला पळून जाण्याचे रसभरित साहस, दुसऱ्या बाजूला भिंतीशी उभे केलेले शिपाई. दोन्ही गोष्टी एकाच दिवसातून निघाल्या, पण त्या एकत्र सांगितल्या जात नाहीत.

म्युलर माल्टात आणि नंतर इंग्लंडमध्ये युद्धकैदी होता. १९१७ मध्ये त्याने वीस सहकाऱ्यांसह भुयारातून पळण्याचा प्रयत्न केला. तो पकडला गेला. हिवतापाने पोखरलेल्या प्रकृतीने तो १९२३ साली वारला. आपल्या मोहिमेवर पुस्तक लिहिण्यास त्याने नकार दिला. सोबत्यांच्या रक्तावर पैसा कमावल्याची बोचणी आपल्याला सोडणार नाही, असे त्याचे म्हणणे होते. ज्याच्याविषयी जगभरची वर्तमानपत्रे बोलली, तो स्वतः जवळजवळ गप्प राहिला.

आणखी एक गट गप्पच राहिला, पण स्वतःच्या निवडीने नव्हे. १९१४ मध्ये ब्रिटिश व्यापारी जहाजांवर सुमारे ५०,००० हिंदी खलाशी काम करत होते. डेकवर, भट्टीपाशी, भटारखान्यात. मुंबईहून भरती होणाऱ्यांत रत्नागिरीचे कोकणी आणि गोव्याचे लोक मोठ्या संख्येने असत. सारंग आणि तांडेल यांच्यामार्फत गावच्या गावे बोटीवर जात. पूर्वेकडच्या आगबोटी अशाच हातांवर चालत. अशी जहाजे बुडाली तेव्हा खलाशांची कपड्यांची पेटी गेली आणि जहाजाबरोबर रोजगारही गेला. बातमीदारांनी कप्तानांना विचारले, सहलीच्या प्रवाशांना विचारले. भट्टीवरच्या खलाशाला एमडेन कशी दिसली, हे विचारायला फारसे कुणी गेले नाही.

मुंबईत मशीद बंदर स्थानकाजवळ ‘इंडियन सेलर्स होम’ आहे. पहिल्या महायुद्धात मेलेल्या आणि समुद्राखेरीज दुसरी कबर नसलेल्या दोन हजारांहून अधिक खलाशांचे स्मारक तेथे आहे. एमडेनने अडवलेल्या व्यापारी जहाजांवरचे खलाशी कबिंगा, सेंट एगबर्ट अशा जहाजांतून जिवंत परतले. स्मारकावरच्या मृत्यूंमागे बहुतांशी नंतरच्या वर्षांचे युद्ध आहे. १९१७ च्या फेब्रुवारीपासून जर्मन पाणबुड्या व्यापारी जहाजे पूर्वसूचना न देता बुडवू लागल्या होत्या, आणि सामान बांधायला कुणी वेळ देत नव्हते.